बारा लिंबं पिळलेली हंडी

थोरली सकाळपासून स्वतःच्या हंडीला शिव्या घालत होती. हंडी बिचारी काय करणार? आत घेवडा होता, पालक होता, पण मीठ नव्हतं आणि तेल नव्हतं. पळी चाटली तर धुतलेल्या धोतराची चव.

या घरची रीत अशी, की वर्षाच्या पहिल्या दिवशी मांस-मासळी नाही. दोघी सुनांनी आपापल्या चुलीवर शेतातल्या शेंगा-भाजीची एकेक हंडी शिजवायची. म्हातारा सासरा जिच्या हंडीतलं दुसऱ्यांदा मागेल, तिच्या हातात वर्षाचं भाग्य, असं तो म्हणायचा. आणि भाग्याबरोबर विहिरीलगतचं वावरही वर्षभर तिनंच करायचं. नऊ वर्षं ते थोरलीकडं होतं. तिच्या तिखट-तेलकट रश्श्यापुढं धाकटी कधी उभीच राहिली नाही. पण यंदा म्हाताऱ्याचा रक्तदाब चढला आणि डॉक्टरनं मीठ-तेल तोडलं.

"मीठच नाही तर कुणाच्या बापाला चव येणार?" थोरली नवऱ्यावर खेकसली.

"धाकटीकडून तर वास येतोय बघ," नवरा म्हणाला आणि उगाच म्हणाला.

वास खरंच येत होता. धाकटीनं निखाऱ्यावर लसूण भाजून घातला होता. त्या वासानं पलीकडं भिंत बांधणाऱ्या गवंड्याचं भान हरपलं आणि त्यानं भिंतीत विटेच्या जागी स्वतःची टोपी चिणली. अजून तिथंच आहे म्हणतात.

थोरलीला मात्र तो वास सोसवेना. धाकटी पाण्याला गेल्याचं बघून ती परसात गेली. गावात लिंबाचं झाड एकच, तेही तिचं. शेजारणीला कधी एक लिंबू दिलं नव्हतं तिनं. त्या दिवशी तिनं बारा तोडली, धाकटीच्या हंडीत पिळली, ढवळली आणि झाकण ठेवलं. चाखायलाही थांबली नाही.

"आता बसू दे तोंड वाकडं करत!"

दुपारी ओसरीवर पंगत बसली. म्हाताऱ्यानं थोरलीचा घास घेतला आणि पाणी मागितलं. मग धाकटीचा घेतला. डोळे मिटले. थोरलीनं पदराआड हसू दाबलं.

"वाढ," म्हातारा म्हणाला.

"काय, मामा?" थोरलीच्या तोंडून निघालं.

"अगं, वाढ म्हणतो ना! मीठ नाही, पण मिठाची आठवणसुद्धा येत नाही."

तिसऱ्यांदा वाढून घेताना त्याच्या दाताखाली काही कडकन वाजलं. त्यानं तळहातावर बी काढलं. निरखलं.

"लिंबाचं बी. थोरले, झाड तर तुझंच. ही हंडी कशी आंबट झाली?"

खरं बोलावं तर चारचौघांत अब्रू जाते. खोटं बोलावं तर जीभ उचलत नाही.

"लिंबं ताईंनी दिली," धाकटी मध्येच बोलली. "म्हणाल्या, मामांना अळणी उतरायचं नाही. मी मागायच्या आधीच घेऊन आल्या."

म्हातारा थोरलीकडं बघतच राहिला. नऊ वर्षांत त्यानं तिचा रस्सा वाखाणला होता, तिला कधी नाही. "अशी सून मिळायला भाग्य लागतं," तो म्हणाला. "वावर यंदा दोघींनी मिळून करा."

भांडी घासताना थोरलीनं धाकटीला कोपऱ्यात गाठलं. "का गं, सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं, ताई?"

"तुला ठाऊक आहे काय ते!"

"एवढं आंबट मला जमलं नसतं बाई," धाकटी हसली आणि थोरलीच्या हातातली जड हंडी आपल्याकडं घेऊन घासू लागली.

अर्धं वावर राखलं होतं. अब्रू राहिली होती. सासऱ्याचं कौतुक पदरात पडलं होतं. तरी थोरली तिथंच उभी जळत राहिली. सकाळी यंदा धाकटीचा हात आपल्यापेक्षा बरा, एवढंच सोसायचं होतं. आता तिचं मनही मोठं निघालं होतं, आणि त्यात पिळायला काही सापडत नव्हतं.