चोवीसचा आकडा

मांडव्याच्या जेटीपासून थोडं आत दिशाताईंचा बंगला आहे. कोकिळा आणि तिचा नवरा हिरामण तो सांभाळतात. हिरामण बाग बघतो, घर कोकिळाकडे. घरातल्या सगळ्या वस्तूंवरून कोकिळाचा हात रोज फिरायचा. फक्त बैठकीतल्या काचेच्या पेटीच्या आत तिने कधी बोट घातलं नव्हतं.

त्या पेटीत लाडू राहायचा. लाडू म्हणजे आफ्रिकेतल्या जातीचा अजगर, जेमतेम अडीच हात लांब. घाबरला की अंगाचा गोळा करून डोकं मधे लपवायचा, म्हणून दिशाताईंनी हे नाव ठेवलं होतं. कोकिळा मात्र त्याला नावाने हाक मारत नसे. "तुमचं ते जनावर," असंच म्हणायची.

जानेवारीत दिशाताईंना कामासाठी दोन आठवडे बंगळूरला जावं लागलं. निघण्याआधी त्यांनी कोकिळाला पेटीसमोर उभं केलं.

"कोकिळाताई, सापाच्या अंगात आपल्यासारखी ऊब तयार होत नाही. बाहेर जेवढी मिळेल तेवढीच. म्हणून पेटीच्या या टोकाला खाली विजेवर तापणारी चटई आहे. इथे एकतीस-बत्तीस अंश पाहिजे. त्या टोकाला पंचवीस-सव्वीस. गरम वाटलं की तो तिकडे जाईल, गार वाटलं की इकडे येईल. दोन्ही टोकांना मडकी पालथी घातली आहेत, त्यात तो लपतो."

"आणि मला काय करायचा?"

"वरून झारीने वाटीत पाणी घालायचं आणि हा लाल आकडा बघायचा. बत्तीसला चटई आपोआप बंद होते, कमी झालं की चालू होते. रोज आकड्याचा फोटो पाठवा, बस."

आठ दिवस फोटोत एकतीस, बत्तीस, एकतीस असं येत राहिलं. नवव्या दिवशी सकाळी आकडा चोवीस होता.

त्या आठवड्यात गारठा होताच. कोकिळाने लगेच फोन लावला.

"चटई जुनी झाली असेल," दिशाताई म्हणाल्या. त्या कुठल्याशा मीटिंगमधून बाहेर येऊन बोलत होत्या. "पेटीला बाहेरून काहीतरी जाड गुंडाळा. लाडू कुठे आहे?"

"गरम बाजूच्या मडक्याखाली. शेपटी दिसते."

"मग ठीक आहे. त्याला ऊब हवी असणार."

कोकिळाने स्वतःच्या पलंगावरची गोधडी आणली आणि पेटीच्या तिन्ही बाजूंनी नीट खोचली. दुसऱ्या दिवशी आकडा पंचवीस झाला. तिला बरं वाटलं. तिने आणखी एक चादर टाकली. भीती वाटत असली तरी मुकं जनावर गारठून मरू नये, एवढंच तिच्या मनात होतं. तिसऱ्या दिवशी सव्वीस.

चौथ्या दिवशी केर काढताना तिला वास आला. करपलेल्या चामड्यासारखा. तिने आधी स्वयंपाकघरात जाऊन शेगडी बघितली. ती बंद होती. मग गोधडी बाजूला केली तेव्हा आतून वाफ तोंडावर आली.

तिने हिरामणला हाक मारली. हिरामणने काठीने मडकं उलटवलं. लाडू खाली पसरून पडला होता. अंगाचा गोळा केलेला नव्हता.

"मेला वाटतं," हिरामण म्हणाला.

"न्हाय, जीभ हलली बघ."

कोकिळाने काय केलं ते तिचं तिलाही नंतर सांगता आलं नाही. तिने हात आत घातला आणि लाडूशेजारी पेटीच्या तळाला पंजा टेकला. टेकला तसा ओरडून मागे घेतला. खालची काच तव्यासारखी तापली होती. आकडा अजूनही सव्वीसच दाखवत होता.

मग तिला आकड्याच्या यंत्रातून आत आलेली बारीक काळी वायर दिसली. तापमान मोजणारं तिचं टोक चटईच्या जागी चिकटवलेलं असायचं. लाडूच्या हालचालीने कधीतरी ते सुटून पाण्याच्या वाटीत पडलं होतं. यंत्र चार दिवस वाटीतलं पाणी मोजत होतं आणि पाणी गार म्हणून चटई एकदाही बंद झाली नव्हती.

हिरामणने बटण बंद केलं. कोकिळाने उशीचा अभ्रा त्याच्यापुढे धरला. त्याने लाडूला उचललं आणि क्षणभर पोट वर झालं. पांढरं पोट मधोमध तपकिरी पडलं होतं, फोड आले होते, एका जागी खवले सोलून निघाले होते.  कोकिळाने हिरामणला तसंच थांबायला सांगून फोन लावला.

व्हिडिओ कॉलवर दिशाताईंनी ते पोट बघितलं.  मग त्या एवढंच म्हणाल्या, "अलिबाग. जनावरांच्या डॉक्टर प्राप्ती. मी फोन करते, तुम्ही निघा."

रिक्षात कोकिळाने लाडूला घातलेला तो अभ्रा मांडीवर धरला होता. हिरामण घेऊ का म्हणाला, तिने दिला नाही.

डॉक्टर प्राप्तींनी जखमा धुतल्या, सुई दिली, मलम लावलं. कोकिळा भिंतीला टेकून उभी होती. शेवटी तिने विचारलं.

"डॉक्टर, पलीकडं गार जागा होती. दार बंद नव्हता. मग हा उठून गेला का न्हाय?"

डॉक्टरांनी हात पुसले. "हे खूप सापांच्या बाबतीत होतं. ऊब हवी म्हणून ते बसतात आणि खालून भाजत असलं तरी पुष्कळदा हलत नाहीत. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. म्हणून तर माणसाने मोजायचं."

"मी मोजत व्हते," कोकिळा म्हणाली. "रोज फोटो पाठवत व्हते." आणि तिथेच खाली बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बोटीने दिशाताई आल्या. हिरामणने रात्रीच कपडे बांधून ठेवले होते. आता इथे राहता येणार नाही असं त्याने धरलं होतं. कोकिळा दारातच म्हणाली, "गोधडी मीच टाकली."

"मी सांगितलं म्हणून टाकलीत," दिशाताई म्हणाल्या. "वायर जागेवर आहे का, एवढं एक मी विचारायला हवं होतं. तीन वर्षं साप पाळते मी." त्यांचे डोळे सुजले होते.  हिरामणने गाठोडं परत आत नेलं.

मलम दिवसातून दोनदा लावायचं होतं आणि ते एकटीचं काम नव्हतं. दिशाताई मलम लावायच्या, कोकिळा धरायची. पहिल्या दिवशी तिने डोळे मिटून धरलं. साप बुळबुळीत असतो असं तिला आयुष्यभर वाटत आलं होतं. तो कोरडा होता आणि त्याचं सगळं वजन विश्वासाने टाकल्यासारखं तिच्या मनगटावर पडलं होतं. तिला रडू आलं.

चटई काढून टाकली. आता वर जाळीने झाकलेला उबेचा दिवा आहे, दोन वेगवेगळी तापमापकं आहेत आणि कोकिळा रोज सकाळी हातही लावून बघते. लाडूने दोनदा कात टाकली तरी पोटावरचा डाग गेला नाही. डॉक्टर म्हणतात, तो राहणारच. अडीच महिने त्याने काही खाल्लं नाही. जखमा सुकल्यावर दिशाताई कामासाठी पुन्हा शहरात राहू लागल्या. दर शनिवारी बोटीने यायच्या, उंदीर पुढे धरायच्या आणि तसाच परत उचलायच्या.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी कोकिळाने स्वतःच चिमट्याने उंदीर आत धरला. लाडूने मान आखडली आणि इतक्या जोरात झडप घातली की चिमटा तिच्या हातून सुटला.

तिने फोन लावला. "दिशाताई," ती म्हणाली. "लाडूनी खाल्लं."