दोनशे बारावी चिठ्ठी

टेकचंदला दोन गोष्टींचा गर्व होता: आपल्या फोरट्रानचा आणि आपल्या डोक्याचा. त्यातली फोरट्रान खरोखर चांगली होती.

१९८६ साली तो भंडाऱ्यातल्या एका बियाणे तपासणी केंद्रात होता. शेतकरी घरच्या धानाचा नमुना आणून देत. शंभर दाणे ओल्या फडक्यात ठेवायचे आणि उगवले किती ते मोजायचे. ते आकडे संगणकावर टेकचंदच्या फोरट्रान प्रोग्राममध्ये जात. नावांची यादी मात्र शेजारच्या टेबलावरच्या निर्मलाबाईंच्या कोबोल प्रोग्राममध्ये होती. त्याच्या प्रोग्रामनं टक्क्यांची अख्खी यादी कोबोलच्या हवाली करायची, की पहिल्या नावाला पहिला आकडा, दुसऱ्याला दुसरा, अशा चिठ्ठ्या छापून निघत. यात चुकायला आहेच काय, असं म्हणून या शहाण्यानं ते एकदाही तपासलं नाही.

जूनच्या अखेरीस दिघोरीचा कवडू आला. त्यानं टेबलावर दोन चिठ्ठ्या ठेवल्या. एक त्याची स्वतःची: शून्य टक्के, पेरू नये. दुसरी शेजारी धनीरामची: ब्याण्णव टक्के.

"माह्या धानाले तुमी शून्य देलं," कवडू म्हणाला. "म्हून माहं धान मी धनीरामले खायाले देलं, न् त्याचं बियाणं घेतलं. पऱ्हे टाकून बारा दिवस झाले, साहेब. वाफ्यात रोपाच्या इथं चार काड्या, तिथं दोन. काहून?"

याला नीट टाकता आलं नसेल, असं टेकचंदच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण त्यानं आधी मूळ आकडे काढले. कवडू यादीत शेवटचा, दोनशे बारावा. दोनशे बारावा आकडा ब्याण्णव होता. त्याच्या आधीचा, म्हणजे धनीरामचा, सोळा.

मग त्यानं कोबोलची यादी उघडली. पहिल्या ओळीत शेतकरी नव्हताच. तिथं रोमन अक्षरांत 'श्री' होतं.

"निर्मलाबाई, हे काय?"

"काय म्हणजे? श्री घातल्याशिवाय यादी सुरू करतं का कोणी?"

कोणीच करत नव्हतं. टेकचंदची शाळेची वहीसुद्धा तशीच सुरू व्हायची. छापताना बाई ती ओळ गाळत होत्या, पण आकडे जोडताना ती मोजली जात होती. पहिल्या शेतकऱ्याचे टक्के श्रीला गेले, बाकी प्रत्येकाला पुढच्याचे मिळाले, आणि शेवटी कवडूला द्यायला काहीच उरलं नाही. पहिल्या ओळीत काय आहे, ते टेकचंदनं विचारलं नव्हतं आणि बाईंनी सांगितलं नव्हतं. टेकचंदला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कवडूभाऊ, चूक आमची. तुमचं धान ब्याण्णव आहे. धनीरामचं सोळा."

कवडूनं दोन्ही चिठ्ठ्या घडी करून खिशात घातल्या. मग म्हणाला, "मंग चाला धनीरामच्या घरी. पेरापुरतं उरलं असन त अजून वेळ हाय. बापाच्या हातचं बियाणं हाय ते."

बाकीच्यांच्या दुरुस्त चिठ्ठ्या निर्मलाबाईंवर सोडून टेकचंद त्याच्यासोबत दुपारच्या एसटीत बसला.

धनीराम शेतावर, बांधीत गेला होता. त्याची बायको शकुंतलाबाई दोघांना पाणी घेऊन आली.

"वहिनी, माहं धान किती उरलं?" कवडूनं विचारलं.

"उरलं कुठं, भाऊजी? घरी पाव्हणे होते, परवा सारंच भरडून आणलं. बसा आता, जेवल्याबिगर जाऊ नका."

नको म्हणायची सोय नव्हती. तिनं दोन ताटं वाढली. टेकचंदचा हात भातात तसाच राहिला. कवडूनं वरण कालवलं, एक घास खाल्ला, आणि वर न बघता म्हणाला,

"जेवा, साहेब. ब्याण्णव टक्के हाय."