अकरा फोटोंचं लग्न

माझा स्वभाव तापट, आमच्या गास गावात कुणालाही विचारा. चूक झाली तरी मी कबूल करत नाही. पण शहाण्णवच्या मे महिन्यात एक कबूल केली, तीही भर चर्चमध्ये.

माझी पोरगी रचना फोटो काढते. शेजारच्या फ्रेडरिकने त्याच्या मुलीच्या, बर्थाच्या लग्नाचं काम तिला दिलं, तेव्हा त्याचे भाऊबंद म्हणाले, पोरीच्या हातात देतोस, वेड लागलं काय तुला? फ्रेडरिक बधला नाही. रचनाचं हे पहिलंच लग्न. बिघडलं असतं, तर पुढे तिला कुणी दारात उभं केलं नसतं.

उकाड्याने फिल्मचे रोल खराब होतात, म्हणून ते आमच्या फ्रिजमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात असायचे. आमची ही कुरकुरायची, मग मी बोंबील ठेवू कुठे? लग्नादिवशी रचना सकाळीच नवरीकडे गेली. जाताना मला बजावलं, बाबा, दोनला डबा बाहेर काढून ठेवा, पण उघडू नका, आणि चारला चर्चमध्ये घेऊन या. गार रोल लगेच उघडला तर थंड पाण्याच्या पेल्यासारखा त्याला घाम सुटतो आणि फोटोवर डाग पडतात. दोन वाजायला आले आणि नेमकी वीज आली. वीज आली की वाडीवाला पंपाकडे धावणारच. केळींना पाणी सोडून आलो तेव्हा पावणेचार झाले होते. डबा फ्रिजमधून तसाच उचलला आणि स्कूटरवरून चर्च गाठलं.

रचनाने डब्याला हात लावला. डबा गारच होता. तिने माझ्याकडे बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कॅमेऱ्यातल्या रोलवर अकरा फोटो उरले होते आणि मिसा, म्हणजे लग्नाची प्रार्थना, चांगली तासाभराची. तिने डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि पुढे गेली.

फ्रेडरिक बर्थाला घेऊन वेदीपाशी आला. रचना कॅमेरा डोळ्याला लावून नुसती उभी. लोक चुळबुळायला लागले. बऱ्याच वेळाने एकदाच खट्‌ वाजलं. मग पुन्हा काही नाही. फ्रेडरिकच्या भावांची कुजबुज सुरू झाली, तसा तो उठून थेट मागच्या बाकाशी, माझ्याकडे आला.

"काळू, रोल तुझ्या मांडीवर आणि पोरगी हात बांधून उभी. उघड तो डबा."

मी उभा राहिलो. हळू बोलणं मला जन्मात जमलेलं नाही.

"चूक माझी आहे, फ्रेडरिक. डबा मी उशिरा काढला. पण ती सांगत नाही तोवर उघडणार नाही."

अख्खं चर्च वळून बघायला लागलं. फादरही थांबले. फ्रेडरिक लाल तोंडाने जागेवर परतला. रचनाने अंगठ्यांचा एक फोटो काढला, आशीर्वादाचा एक, असे जपून जपून अकरा. मिसा संपल्यावर डबा चाचपला, मान हलवली आणि मगच झाकण उघडलं. संध्याकाळी हॉलवर तिने तीन रोल संपवले.

आठ दिवसांनी फ्रेडरिक फोटो बघायला आला. हॉलवरच्या फोटोंना त्याने हातही लावला नाही. चर्चमधला एक उचलला. बर्थाचा हात नवऱ्यामुलाच्या हातात आहे आणि फ्रेडरिकचा हात नुकताच सुटलाय, बोटं अजून तिच्याकडेच वळलेली. त्याने रचनाला विचारलं,

"ह्याचा एकच काढलास?"

"एकच, काका. तुम्ही हात सोडत नव्हता. मी थांबले."

फ्रेडरिक खाटेवर बसला आणि ढसाढसा रडला. मी रचनाकडे बघत राहिलो. ही माझी पोर.