मातीनं बिऱ्हाड हलवलं

खाणवाल्यांनी जमीन परत दिली, तेव्हापासून टाइसनं आपल्या बायकोकडे, हेस्टरकडे, एकच धोशा लावला होता. जुन्या अंगणात माझं घर मांड, मग मी डोळे मिटायला मोकळा.

गावातल्या पत्र्याच्या खोलीत तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असे. हिऱ्यांच्या खाणीची धूळ छातीत बसली ती बसलीच. त्यांच्या लव्हाळ्याच्या घराच्या चटया गुंडाळून कोपऱ्यात उभ्या होत्या, वाकवलेल्या काठ्यांची मोळी दाराशी. पूर्वी चारा संपला की हेच घर गाढवगाडीवर लादायचं आणि पुढं निघायचं.

“पत्र्याखाली मरायला मी काय कोंबडं आहे?” तो म्हणे.

“कोंबडं निदान पहाटे उठतं,” हेस्टर म्हणे आणि चहाचा मग त्याच्या हातात देई.

जुन्या अंगणात काहीच उगवलं नव्हतं, हे ती त्याला सांगत नव्हती. तिनंच पेरलं होतं. खाणीची उजाड जमीन पुन्हा हिरवी करणाऱ्या मीटाच्या टोळीत तिनं तीन हिवाळे काढले. बायका रानातून बी गोळा करत, वाळूत आणि जुन्या लेंडीखतात कालवून खाणीच्या बुजवलेल्या खड्ड्यावर फेकत, वारा अडवायला जाळ्या ठोकत. इतर ठिकाणी हिरवं धरलं. पण जिथं टाइसच्या आईचं अंगण होतं, तिथं पांढरी वाळू तेवढी सरपटत राहिली.

“तिथं घर मांडलंस, तर सकाळी चटया समुद्रात शोधायला जावं लागेल,” मीटा म्हणाली होती.

“मग त्याला काय सांगू?”

“सांग, फुलं आली की जाऊ. म्हाताऱ्यांना वाट बघायची सवय असते.”

फुलं आली. टाइस रोज विचारी आणि हेस्टर रोज म्हणे, अजून थोडं थांब. त्याचं जेवण अर्ध्यावर आलं. मग विचारणंही थांबलं, आणि तिला खरी भीती वाटली.

एका सकाळी समुद्रावरून धुकं आलं आणि तिची कानतुटकी शेळी कुंपणाखालून पेरलेल्या रानात घुसली. तिथं शेळ्यांना बंदी. हेस्टर काठी घेऊन मागं निघाली. धुक्यात आपलेच पाय दिसेनात. शेळीची घंटा कधी पुढं वाजे, कधी पाठीमागं, कधी पायाखालून आल्यासारखी. टेकडी कधी ओलांडली ते तिला कळलंच नाही. आजूबाजूला फुलं होती, पण मिटलेली. झोपलेल्या माणसांतून जावं तशी ती पाय जपून टाकत होती.

शेळी एका जागी मान घालून चरत होती. हेस्टरनं तिच्या तोंडातला पाला ओढून काढला, आणि तिचा हात तसाच राहिला. जाडसर, रसाळ पानं. दात दुखला, मन उदास झालं की चघळायचा पाला. या किनाऱ्यावर तो आपसूक उगवत नाही. सासूनं डोंगरातून आणून घरामागं लावला होता.

धुकं विरत गेलं. ऊन पडलं तशी फुलं एकेक करून उघडली, सगळी उन्हाकडे तोंड केलेली. त्यांच्यामध्ये चुलीच्या राखेनं काळसर झालेली माती होती. लेंडीवर वाढणारं झुडूप होतं. आणि निळ्या मगाचा एक कान होता, ज्या मगाचा बाकीचा भाग सासूबरोबर पुरला होता.

हेस्टर तिथंच खाली बसली. खोदण्याआधी पिवळ्या यंत्रानं त्यांच्या अंगणाची वरची वीतभर माती खरवडून तिचे ढीग घातले होते. ते ढीग वर्षानुवर्षं पडून राहिले. मागच्या साली ट्रॅक्टरवाल्यानं एक ढीग टेकडीपल्याड पसरला. कुणाची माती कुठं चालली, हे कुणी विचारलं नाही. तिनंही नाही. त्याच मातीवर तिनं बी फेकलं आणि पुढं गेली.

घरी येऊन तिनं टाइसला सगळं सांगितलं, जुन्या अंगणातली उघडी वाळूसुद्धा. मग त्याच्या तळहातावर पाला आणि मगाचा कान ठेवला. त्यानं कानावरून अंगठा फिरवला. पाला तोंडात धरला. जबडे हळूहळू हलू लागले.

“तिथून समुद्र दिसत नाही,” तो म्हणाला.

“नाही दिसत.”

“आईचं अंगण ते नव्हे.”

“नव्हे. पण माती तीच आहे.”

तो छताच्या पत्र्याकडे बघत राहिला. “आपण जन्मभर घर हलवलं. या वेळी मातीनं हलवलं म्हण की. आपल्याला न विचारता.”

हेस्टरचं सगळं लक्ष त्याच्या तोंडाकडे होतं.

“गाढव कुणाकडे मिळेल?” त्यानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी मीटानं गाडी आणली आणि टाइसला चटयांच्या गुंडाळ्यांवरच निजवलं. “नवरदेव निघाला,” ती म्हणाली. “वरातीत एक गाढव आणि दोन म्हाताऱ्या.”

कुंपणाबाहेर, पण त्या राखेच्या मातीपासून हाकेच्या अंतरावर त्यांनी काठ्या रोवल्या, वाकवून बांधल्या, वर चटया चढवल्या. वाऱ्यानं हीच माती तिथंही आणून टाकली होती. आत टाइस आडवा झाला. लव्हाळ्यांच्या फटींतून ऊन त्याच्या अंगावर ठिपके ठिपके पडलं होतं. बाहेर फुलं मिटू लागली. त्याचा श्वास अजून घरघरत होता, पण तोंड भिंतीकडे नव्हतं, दाराकडे होतं.

“हेस्टर.”

“काय रे?”

“शेळ्यांचा वाडा वारा जातो त्या अंगाला घाल. आईनं चुकीच्या बाजूला घातला होता. जन्मभर वास सोसला आम्ही.”