शकुनाचा एक

अकोल्याकडच्या मालेगावच्या बसस्टँडमागे बबनरावांची सॉफ्टवेअर कंपनी होती. कंपनी म्हणजे दोन खोल्या, एक इन्व्हर्टर आणि बबनरावांचा रुबाब. पैकी भरवशाचा फक्त इन्व्हर्टर.

पुण्याची नोकरी सोडून वैभवी इथं आली, ती गावाकडेच राहायचं या हट्टानं. तो हट्ट टिकायचा तर आज मोहनसिंग टिकायला हवा होता. मोहनसिंग मोठा आडत्या. केनवडला आणि जऊळक्यालाही त्याचे वजनकाटे. सकाळीच तो बजावून गेला होता, "लिलाव उठेपर्यंत फोनवर वजनाची पावती निघाली तं काम तुमचं, नाई तं अकोल्यावाल्याचं."

मोहनसिंग गेला तर वैभवीची खुर्चीही जाईल, हे बबनरावांनी तिला चहा पाजत सांगितलं. बबनरावांचा चहा फुकट कधीच नसतो.

या कामाची सॉफ्टवेअर पॅकेजं दोन होती. 'काटा' वजन वाचायचा, 'पावती' त्याच्या जिवावर पावती काढायची. कोड चढवला की पाइपलाइन आपोआप दोन्ही बांधायची आणि रजिस्ट्रीत, म्हणजे तयार पॅकेजांच्या कोठारात, नेऊन ठेवायची. तिथून ती आडतीतल्या फोनवर पोचायची. आज स्क्रीनवर काटा हिरवा, म्हणजे बांधून झालेला; पावती लाल, म्हणजे अडलेली.

"इंटरनेट मंद हाय," सोबतचा सतीश म्हणाला आणि पुन्हा चालवलं. लाल. "टोकन मेलं असन." रजिस्ट्रीत शिरायचं नवं टोकन घातलं. लाल. बंद मोटरसायकलीला किक मारत राहावी, तसा सतीश बटण दाबत राहिला.

"लॉग वाच ना रे," वैभवी म्हणाली.

"लाल दिसून राह्यलं ना! त्यात वाचायचं काय?"

मग काय अडलं याची यंत्रानं ठेवलेली ती नोंद तिनंच वाचली. तक्रार एकच होती: पावतीला काट्याचं २.०.० व्हर्जन हवं, आणि तसा काटा रजिस्ट्रीत नाहीच. पण काटा तर हिरवा! हिरव्याची चौकशी कोणी केलीच नव्हती. कमावत्या पोराला घरात कोणी विचारत नाही, तसं. वैभवीनं रजिस्ट्री उघडली. तिथं काटा बसला होता २.०.१ होऊन.

"भाऊ, तुमी काट्याचं व्हर्जन बदललं काय?" तिनं बबनरावांना विचारलं.

"छ्या! मी कायले बदलतो?"

"बदलाची नोंद तं तुमच्याच नावाची हाय."

बबनरावांनी चष्मा चढवला. "थे होय? थे बदललं नाई पोरी, एक वाढवला. शून्यावर कोणी थांबते काय? लग्नाच्या पाकिटातबी आपुन वरून एक टाकतोच ना!"

आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या हिशेबात एक वाढवणं हा बदल नव्हेच, आशीर्वाद होता.

"मंग पावतीतबी एक टाकून दे," सतीश म्हणाला. "झगडा मिटला."

"आज मिटते. पुढच्या टायमाले भाऊ अकरा टाकतीन."

वैभवीनं आकडा दोन्हीकडून काढला आणि एकाच जागी ठेवला. दोन्ही पॅकेजं तिथूनच वाचतील असं केलं. पावती बांधण्याआधी तिला हवा तो काटा रजिस्ट्रीत आहे का, ही तपासणी घातली. शेवटी बबनरावांच्या खात्यातून आकडा लिहिण्याचा हक्कही काढला.

"माह्याच कंपनीत मलेच मनाई?"

"भाऊ, मोहनसिंग पाहिजे की एक?"

गिऱ्हाइकाचा प्रश्न आला की बबनरावांचा तोंडी हिशेब फार जलद. "मोहनसिंग."

रजिस्ट्रीत एकदा चढलेला आकडा पुन्हा वापरता येत नाही; २.०.१ ची जागा गेलेलीच होती, म्हणून दोघांना २.०.२ दिला आणि कोड चढवला. काटा हिरवा. पावती पिवळी झाली, अडखळली. सतीशचा हात बटणाकडे सरकला. वैभवीनं तो चापट मारून परत पाठवला. हिरवी!

"जमलं ना बाप्पा!" सतीश ओरडला, जणू त्याच्याच किका कामी आल्या.

थोड्याच वेळात मोहनसिंगचा फोन. मागे लिलावाचा गलका.

"आली पावती! सोयाबीनवाला दोनदा वाचून राह्यला, म्हणते आडत्यानं पयल्यांदाच न मागता पावती दाखवली."

बबनराव फोनवर झुकले. "आमच्याकडं कामच तसं असते, मोहनसिंगजी. मी सोता..."

"तुमी ऱ्हाऊ द्या. पोरीले द्या फोन."

बबनरावांनी फोन दिला, आणि सोबत आपली मोठी खुर्चीही थोडी तिच्याकडे सरकवली.

"केनवड अन् जऊळका, दोन्ही काटे जोडून पाहिजेत बाई."

"जोडते ना," वैभवी म्हणाली. "पण व्हर्जनचा आकडा मीच ठरवीन."

मोहनसिंगला त्यातलं काही कळलं नाही. ज्यांना कळायचं होतं, ते बबनराव खिडकीबाहेर बस पाहत उभे होते.