तिलेकचा कॉम्प्युटर

डोंगरातल्या नारीन शहराच्या बाजारात, एका जुन्या लोखंडी कंटेनरमध्ये, नूरझातचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. एका सकाळी म्हातारे एमिलबेक आके, म्हणजे एमिलबेक दादा, घोंगडीत गुंडाळलेला कॉम्प्युटर छातीशी धरून आत आले. उभा जन्म त्यांनी खिंडीतल्या रस्त्यावरचा बर्फ हटवण्यात घालवला होता.

“पोरी, हा उठतच नाही गं. काळ्या पडद्यावर दोन ओळी येतात नि मुका होऊन बसतो.”

नूरझातने बटण दाबून पाहिलं. सिस्टिमच्या फायली खराब झाल्या होत्या.

“अपडेट चालू असताना वीज गेली होती का, आके?”

“हिवाळ्यात वीज कधी जात नाही, ते विचार!”

“हरकत नाही. सगळं पुसून नवी सिस्टिम टाकते. दुपारी घेऊन जा.”

“पुसून?” म्हाताऱ्याने तिचं मनगट धरलं. “यात माझा तिलेक आहे.”

त्यांचा एकुलता एक मुलगा तिलेक दोन वर्षांपूर्वी हिमकडा कोसळून गेला होता. त्याच खिंडीत. त्याने हौसेने काढलेले व्हिडिओ तेवढे यात उरले होते. नूरझातने पुसायचा विचार सोडला आणि आक्यांना घरी पाठवलं.

दुपारी त्यांची बायको कालिचा आली; नूरझात तिला एजे, म्हणजे ताई, म्हणायची. दारातच उभं राहून तिने विचारलं,

“नीट होणार नाही म्हणून सांगशील त्यांना?”

“का, एजे?”

“वायर मीच उपटली. पडद्यावर लिहिलं होतं, बंद करू नका. तेवढं वाचता येतं मला.” ती स्टुलावर बसली. “रोज संध्याकाळी हे त्याला लावून बसतात. मी आत कणीक मळत असते. मागून तो हाक मारतो, आई, इकडे बघ! आणि मी बघते गं. ठाऊक असतं, तरी दर वेळी वळून बघते.”

नूरझात म्हणाली, “खोटं नाही सांगवणार मला. पण हे त्यांच्या कानावर घाला ना.”

“आम्ही मेंढ्यांवर बोलतो, सरपणावर बोलतो. हे कसं बोलायचं?”

ती गेल्यावर नूरझातने आधी सगळे व्हिडिओ दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतले. मग पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करून दुरुस्तीचा प्रयत्न केला. जमेना. डिस्क तपासली, तिच्यातल्या चुका दुरुस्त केल्या, बिघडलेल्या एकेका फायलीच्या जागी धड फाइल बसवली. पुसून टाकलं असतं तर एव्हाना घरी गेली असती. दुकान बंद करायच्या वेळेला पडदा उजळला.

दुसऱ्या दिवशी दोघं आली. एजे दाराशी, रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. आक्यांनी एक व्हिडिओ लावला. उन्हाळ्यातलं कुरण, घोडी, आणि मोठ्याने हाक आली, “आई, इकडे बघ!”

एजे गर्रकन वळली. तिचा चेहरा क्षणभर उजळला आणि विझला.

घरी व्हिडिओ बघताना आक्यांची पाठ नेहमी चुलीपाशी काम करणाऱ्या एजेकडे असे. आज पहिल्यांदाच ती वळताना त्यांना दिसली. त्यांनी घाईघाईने आवाज बंद केला.

“रोज अशीच वळतेस?”

तिने होकारार्थी मान हलवली.

“मला वाटायचं, तू ऐकतच नाहीस. आठवण मला एकट्यालाच येते.”

“मीच बिघडवला हा. वायर उपटून.”

आता आके भडकतील असं नूरझातला वाटलं. पण त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, “मग सांगायचंस ना, वेडे.”

“तुम्ही विचारलंत कधी?”

त्यांनी स्टूल सरकवून तिच्यासाठी जागा केली. ती बसली, आणि तिनेच विचारलं, “आवाज कुठून वाढवायचा?”