बिघाड माझ्यात नव्हता

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे आणि माझ्यात काहीही बिघाड नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण तेल्हाऱ्याच्या बाजारात अजूनही दोन-चार माणसं मला पाहिली की म्हणतात, "थीच ना हे, बिघडेल मशीन?" कापडावरचा तेलाचा डाग एक वेळ निघतो, पण बाजारात झालेली बदनामी लवकर निघत नाही. म्हणून आज सगळं सांगायला बसले आहे.

माझा जन्म लुधियान्याच्या एका कारखान्यात झाला. लोखंडाचा रस साच्यात ओतला, वर काळा रंग चढवला, सोनेरी वेलबुट्टी काढली आणि गवतात गुंडाळून मला मालगाडीत टाकलं. अकोल्याच्या एका दुकानात मी आठ महिने काचेआड बसून होते. मग एक दिवस एक लग्नाळू टेलर आला. अब्दुल सत्तार त्याचं नाव. त्यानं माझं चाक एकदा फिरवलं, कान जवळ आणला आणि दुकानदाराला म्हणाला, "आवाज चांगला हाये हिचा." झालं, मी त्याची झाले. त्यानंतर महिन्याभरानं त्याचं नईमाशी लग्न झालं. म्हणजे त्या घरात थोरली मी, हे लक्षात असू द्या.

घराच्या पुढच्या खोलीतच दुकान होतं आणि आमचे दिवस मोठे छान होते. जूनमध्ये शाळेचे गणवेश, पोळ्याला शेतकऱ्यांच्या बंड्या, ईदला कुर्ते, लग्नसराईत सफारी. मालकाचे पाय पायडलवर पडले की मी अशी काही धावायची की समोरचा चहावाला म्हणे, "सत्तारभाई, मशीन चालवून राहिले का मोटारसायकल?" मालक हसायचा. नवराबायको घरात जास्त करून उर्दूत बोलत, पण भांडण मात्र हटकून वऱ्हाडीत करीत, कारण वऱ्हाडीत टोमणा जास्त जड बसतो. अशी पंचवीस-सव्वीस वर्षं गेली.

मग ती वर्षं आली. कापसाचं काही खरं नव्हतं आणि पेपर उघडला की आपल्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी जीव दिल्याच्या बातम्या असायच्या. गिऱ्हाईक कमी झालं. पण मित्रांनो, खोटं कशाला बोलू? काम अगदी संपलं नव्हतं. खुंटीवर कापडं लटकत होती. तीच शिवून होईनात. मालक सकाळी येऊन माझ्यापुढे बसायचा, पाय पायडलवर ठेवायचा आणि दाबायचाच नाही. खडूनं आखलेल्या रेघेकडे बघत दुपार व्हायची. दाढी वाढली. जेवणाचं ताट भरलेलंच आत परत जाऊ लागलं. तो पहाटे तीनला जागा होई आणि उजाडेपर्यंत छताकडे बघत राही, असं नईमा शेजारणीला सांगताना मी ऐकलं. मला त्याचा राग यायचा. म्हणायचे, काय हा आळस! आज त्या रागाची मला लाज वाटते.

लोक विचारू लागले, तेव्हा मालकानं जाहीर केलं, "मशीन बिघडली." आणि माझे हाल सुरू झाले.

आधी मला तेल पाजलं. इतकं पाजलं की एका नवरदेवाच्या पांढऱ्या पायजम्यावर मी नको तिथे डाग पाडला. मग मुजम्मिल मिस्तरी आला. पोट उघडून आत काहीच सापडलं नाही, असं सांगणं त्याला कमीपणाचं वाटे. त्यानं माझा एक धडधाकट स्क्रू काढला, उजेडात धरला, "हाच बदमाश!" म्हणाला आणि त्या जागी दुसरा बसवला. तो जुन्यापेक्षा वाईट होता. शेजारच्या कौशल्याबाई म्हणाल्या, "मशीनचं तोंड दक्षिणेले हाये, काम होईन कसं?" मला पूर्वेकडे फिरवलं. बाळापूरहून नईमाची खाला, म्हणजे मावशी, आली, तिनं दाराकडे फिरवलं आणि चाकाला एक ताविज बांधला. आता चाक फिरलं की ताविज अडके आणि चाकाचा पट्टा, म्हणजे वादी, निसटे. "पाहा," मालक म्हणे, "बिघडलीच हाये." महिन्याभरात मी तीन दिशा पाहिल्या. एका जागी उभं राहणाऱ्या मशीनसाठी हा प्रवास काही थोडाथोडका नव्हे.

सगळ्यांत जास्त बोल महादेवरावांनी लावले. हे जवळच्याच खेड्यातले शेतकरी. मुलीच्या, म्हणजे दामिनीच्या, साखरपुड्यासाठी त्यांनी शर्ट शिवायला टाकला होता. साखरपुडा झाला, लग्न झालं, दामिनीला मुलगी झाली, तिचं बारसंही उरकलं. शर्टाला मात्र अजून एकच बाही होती. महादेवराव दर बाजाराच्या दिवशी येत आणि खुंटीवरच्या शर्टाकडे बघून ओरडत, "सत्तारभाई, ते मशीन भंगारात दे, नाहीतं मले सांग, मी एक हात घरी ठेवून येत जातो!"

मुजम्मिल मिस्तरी पाचव्यांदा आला, तेव्हा मालक नमाजला गेला होता. मिस्तरीनं मला उघडलं, बंद केलं आणि हळूच नईमाला म्हणाला, "भाभी, खरं सांगू? मशीनमंदी काहीच नाही. भाईमंदी हाये. माह्या साडूलेबी असंच झालं होतं. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात मंगळवारी मनाच्या आजाराची डॉक्टरीन बसते. तिकडं न्या." तो जुना स्क्रू मी त्याला त्याच क्षणी माफ केला.

पण न्यायचं कसं? नईमानं एकदा नुसता विषय काढला, तर मालक कडाडला, "मी पागल हावो का? बिघडेल थे मशीन हाये!" तिसऱ्या दिवशी नईमा म्हणाली, "अजी, तुमचंच बरोबर हाये. मशीन अकोल्याले नेऊ. मोठ्या दवाखान्यात एक मिस्तरी हाये म्हनतात, ऑपरेशनच्या मशीनी दुरुस्त करते. आपल्या मुजम्मिलनं चिठ्ठी देली हाये." स्वतःसाठी दवाखान्याची पायरी न चढणारा माणूस माझ्यासाठी लगेच तयार झाला.

मंगळवारी स्टँडवरचे स्क्रू काढून माझं मुंडकं तेवढं चादरीत बांधलं आणि आम्ही एसटीत बसलो. कंडक्टर म्हणाला, "हे सामान हाये का प्यासेंजर?" मालक गंभीरपणे म्हणाला, "बिमार हाये भाऊ, दवाखान्यात नेऊन राहिलो." कंडक्टरनं चादरीखाली हात घातला, लोखंड चाचपलं आणि म्हणाला, "मंग खिडकीपाशी ठेवा, हवा लागू द्या." सामानाचं तिकीट त्यानं फाडलंच नाही.

दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीपुढे रांग होती. नंबर आला तसं आतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "पेशंटचं नाव?" नईमा पटकन म्हणाली, "अब्दुल सत्तार." "वय?" मालकाला वाटलं माझंच विचारतो आहे. सरकारी काम म्हटलं की मशीनलाही कागद लागणारच. "अठ्ठावीस वर्सं," तो म्हणाला. खिडकीतल्या माणसानं लिहून टाकलं. मालक तेव्हा पन्नासचा होता, आणि त्या दवाखान्याच्या कागदावर आजही तो अठ्ठावीसचाच आहे.

डॉक्टरीणबाईंच्या दारापुढे चाळीस माणसं होती. बाकावर बसून दीड तास झाला. शेजारी पातूरचे एक म्हातारेबाबा होते, त्यांच्या कापडी पिशवीचा बंद तुटला आणि सगळे रिपोर्ट जमिनीवर सांडले. नईमाला राहवलं नाही. तिनं चादर सोडली, माझ्या चाकाचा ताविज काढून घरून आणलेलं हातानं फिरवायचं हँडल तिथे लावलं आणि बाकावरच बंद शिवून दिला. टाका असा सरळ पडला म्हणून सांगू! मग एका बाईनं पिशवीतून उसवलेला परकर काढला, नर्सबाईंनी पडदा आणला, एका वॉर्डबॉयनं भिंतीला पाठ लावून उभ्याउभ्याच सांगितलं की त्याची पँट मागून उसवली आहे. बघता बघता तिथे दोन रांगा झाल्या, एक डॉक्टरीणबाईंची आणि एक माझी. माझी जास्त जोरात पुढे सरकत होती.

मालक बाजूला बसून हे सगळं पाहत होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, "चालून राहिली हे."

"चालतेच हाये," नईमा म्हणाली.

"मंग घरी काहून नाही चालत?"

नईमा हँडल फिरवत राहिली, पण तिचे डोळे भरलेले मला दिसत होते. तेवढ्यात दारातून हाक आली, "अब्दुल सत्तार, वय अठ्ठावीस!" नईमा उठणार, तोच मालक स्वतःच उठून उभा राहिला.

मला बाहेर ठेवलं तर कोणी उचलून नेईल, म्हणून मलाही आत नेलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. "पेशंट कोण आहे?"

"मीच हावो, मॅडम," मालक म्हणाला. "मशीन चांगली हाये. म्या आताच बाहीर पाह्यली."

मग बाई एकेक विचारत गेल्या. झोप लागते का? जेवण जातं का? आधी आवडायचं ते आता आवडतं का? मालक खाली बघून "नाही" म्हणत होता. शेवटी त्यांनी विचारलं, "जगूच नये असं वाटतं का कधी?"

मालक माझ्या चाकावरून बोट फिरवत होता. म्हणाला, "वाटते. रोज वाटते. पन आमचे अब्बा म्हनत, टेलरनं गिऱ्हाइकाचं कापड अर्धं सोडून जाऊ नये. म्हनून म्या एक शर्ट अर्धाच ठेवला. एक बाही लावतच नाही मी. थे लावली तं माह्याजवळ काही राहतच नाही."

नईमानं ओढणी तोंडावर धरली. मित्रांनो, मी लोखंडाची आहे, तरी माझ्यातून काहीतरी सरसरत गेलं. वर्षभर मी ज्या शर्टाची थट्टा करत होते, त्या एका बाहीच्या शर्टानं माझा मालक धरून ठेवला होता.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "याला नैराश्य म्हणतात," त्या म्हणाल्या. "हा आजार आहे. आळस नाही आणि वेडही नाही. औषधानं बरा होतो." मालकानं भीत भीत विचारलं, "काम होत नसंल तं सरकार सर्टिफिकेट देते म्हनतात, अपंगाचं. थे मागू का मी? हात-पाय तं साबूत हायेत माहे." बाई म्हणाल्या, "मागायला लाजू नका. या आजाराचंही मिळू शकतं. आधी दर पंधरा दिवसांनी इथे या. काही महिन्यांत काम जमलं नाही, तर मी स्वतः तुम्हाला सर्टिफिकेट देणाऱ्या बोर्डापुढे पाठवते." नईमा म्हणाली, "कागद मंग द्या बाई, आधी आमाले मानूस द्या." बाईंनी गोळ्या लिहिल्या, त्याला एकटं सोडू नका असं नईमाला बजावलं आणि जाताना म्हणाल्या, "तो शर्ट अर्धाच राहू द्या. मी सांगेन तेव्हाच बाही लावा."

असं औषध तेल्हाऱ्यात याआधी कोणालाच मिळालेलं नसेल. महादेवराव दर बाजाराला येऊन ओरडत आणि मालक शांतपणे सांगे, "अजून परवानगी नाही."

पहिला महिना काहीच फरक पडला नाही. मालकाचं तोंड कोरडं पडे, दुपारी माझ्यावरच डोकं ठेवून तो झोपे. दुसऱ्या महिन्यात त्यानं एक उशीची खोळ शिवली. तिसऱ्यात ताटातली भाजी अळणी झाली म्हणून तो नईमाशी भांडला, वऱ्हाडीत. मी मनातल्या मनात चाक फिरवून घेतलं. चौथ्या महिन्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता लावा बाही."

त्यानं लावली. दीड वर्ष हाताची सवय मोडलेली, म्हणून ती जरा वाकडीच बसली. बाजाराच्या दिवशी महादेवरावांनी शर्ट अंगात घातला आणि भर दुकानात ओरडले, "एवढ्या दिवसानं बाही लावली, थे बी वाकडी! तुह्या मशीनचा बिघाड काही जाऊन नाही राहिला, सत्तारभाई!"

समोरच्या चहावाल्याकडची माणसं हसली. मालकानं कात्री बाजूला ठेवली. म्हणाला, "मशीनले नाव ठेवू नका, महादेवराव. मशीन आधीपासून चांगली हाये. मीच बिमार होतो. अकोल्याले मनाच्या डॉक्टरकडं जातो, गोळ्या चालू हायेत. बाही आना इकडं, सरळ करून देतो."

हसणं थांबलं. शर्ट काढून महादेवरावांनी मालकाच्या हातात दिला आणि बनियनवरच स्टुलावर बसून राहिले. बाही उसवून झाली, पुन्हा लावून झाली, तरी ते बसलेलेच. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "सत्तारभाई, माहा मोटरपंप बी नीट चालून नाही राहिला. पोळ्यापासून. वावरात जातो, बटनावर हात ठेवतो, अन् दाबावंच वाटत नाही."

मालकानं त्यांच्याकडे पाहिलं. पंपाबद्दल त्यानं एकही प्रश्न विचारला नाही.

"मंगळवारी बसते थे डॉक्टरीन," तो म्हणाला.

"पंप आनू का संगं?"

"आना न. मी बी येतो."

तर मित्रांनो, तुमच्याही घरी कोणी येऊन म्हणेल की मशीन बिघडली, पंप बंद पडला, घड्याळ मागे पडतं. आमची तपासणी जरूर करा, आमची ना नाही. पण आधी सांगणाऱ्याला बसायला जागा द्या, पाणी द्या, आणि रात्री झोप लागते का ते विचारा. आम्ही लोखंडाची माणसं, आम्हाला काही घाई नसते.